आधी मूठ, मग पिस्तूल

तंजावूरच्या राजवाड्यात आलेले पर्यटक बहुधा सरस्वती महालाकडे वळतात. फौजी माणसाची नजर मात्र शस्त्रागाराच्या उंच मनोऱ्यावर जाते. १८५५ मध्ये शेवटचे शिवाजीराजे वारले, संस्थान खालसा झाले आणि व्यंकोजीराजांच्या घराण्याची सत्ता संपली. तंजावूरच्या कट्यारी आज चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही आहेत. त्यांतल्या कित्येकींचे पाते युरोपातून आलेले, मूठ मात्र इकडच्या कारागिराने घडवलेली. पाते फिरंगी असले तरी मूठ आपल्या हाताची हवी, हे त्या काळच्या लोकांना पक्के ठाऊक होते.

हे सांगायचे कारण म्हणजे गावाकडून येणारे फोन. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकले, तेव्हापासून प्रश्न ठरलेला: "पोरगी चांगली मारते, कुठलं पिस्तूल घेऊ? मोरिनी का स्टायर?" लाखाच्या पुढचा मामला. कुणी त्यासाठी कर्ज काढतो, कुणी दागिने मोडतो. म्हणून माझे मत स्पष्टच मांडतो.

१० मीटरच्या एअर पिस्तुलात स्विस मोरिनीचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय स्वच्छ सुटतो. ऑस्ट्रियाच्या स्टायरमध्ये आणि इटलीच्या पार्दिनीमध्ये झटका शोषणारी यंत्रणा असते, त्यामुळे गोळी सुटताना नळी जागची हलत नाही. जर्मनीचे वाल्थर यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही ट्रिगरमध्ये मिळते. २५ मीटरला .२२ चे पार्दिनी अनेकांच्या हातात दिसते. त्याचे मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असते, म्हणून मुठीचा आकार मोकळेपणाने घडवता येतो. पण .२२ ला शस्त्रपरवाना लागतो, हे विसरू नका.

आता खरी गोष्ट. नियम सगळ्यांना सारखेच: एअर पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा; २५ मीटरला १४०० आणि १००० ग्रॅम. दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे. यांतले कुठलेही पिस्तूल शिकंज्यात पकडून चालवले तर छरे एकाच भोकातून जातात. म्हणजे ब्रँडमधला फरक केसाएवढा आणि हातातला फरक बोटभर.

फौजेच्या ९ एमएम पिस्तुलाची मूठ सगळ्यांना एकच. जवानाने हात तिच्याशी जुळवून घ्यायचा, कारण युद्धात सोय पाहता येत नाही. स्पर्धेत मात्र मूठ हाताप्रमाणे तासायची मुभा आहे. फक्त तिने मनगटाला आधार देता कामा नये. ही मुभा न वापरता नुसती महागडी नळी घेणे म्हणजे तंजावूरच्या कारागिराला वगळून नुसते पाते विकत घेणे.

परीक्षा सोपी आहे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करा, लक्ष्याच्या दिशेने धरा, डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत सरळ बसली, तर मूठ तुमची. मनगट वाकवावे लागले, तर ते पिस्तूल कितीही नावाजलेले असो, परत ठेवा. जुने पिस्तूल, योग्य मापाची मूठ, पॉलिश पेपर आणि लाकडाची पुट्टी एवढ्यावर पहिली दोन वर्षे आरामात निघतात.

दुसरे, दुरुस्ती कुठे होते ते आधी विचारा. टोकियोत २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. पॅरिसमध्ये २०२४ ला तिनेच दोन कांस्यपदके मिळवली. ऑलिंपिकमध्ये हे होऊ शकते, तर तालुक्याच्या गावात सुट्या भागासाठी महिनोन्‌महिने थांबणाऱ्या पोरीचे काय?

म्हणून पालकांनो, वाचलेले पैसे छऱ्यांवर, प्रशिक्षकावर आणि प्रवासावर घाला. लंडनला रौप्य जिंकणाऱ्या सुभेदार विजय कुमारांना सैन्याने घडवले ते रोजच्या सरावाने, कॅटलॉग वाचून नव्हे. पोरीचा सराव बोलू लागला की मोठे पिस्तूल जरूर घ्या. तोवर दागिने कपाटातच राहू द्या.