कोंबडीसाठी शिक्षा, गावासाठी माफी

दिवसभर कचेरीत इतरांच्या नोंदी तपासून घरी आल्यावर आम्ही संगणकावरील भूमिकाप्रधान खेळ खेळतो, हे सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. संकोच वाटावा तो त्या खेळांच्या रचनाकारांना. खेळाडूच्या प्रत्येक निवडीला अर्थ आहे, अशी ग्वाही ते देतात; आणि त्या निवडीची दखल घेण्याची वेळ आली की खेळातील सोबती व गावकरी नेमके विसराळू होतात.

२००८ चा ‘फॉलआउट ३’ घ्या. अणुयुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या वॉशिंग्टनच्या परिसरात, न फुटलेल्या बाँबभोवती वसलेले मेगाटन हे गाव खेळाडूला पैशासाठी उडवून देता येते. त्याच्या खात्यावर पाप चढते खरे. पण रिव्हेट सिटीच्या दाराशी बसलेल्या याचकाला शुद्ध पाणी देत राहिले की तेच खाते पुण्याने भरू लागते. बेचिराख झालेले गाव पाण्याच्या बाटल्यांत वळते करून घेणारा हा कोणता हिशेब? याच खेळातील फॉक्स हा सोबती किरणोत्साराने भरलेल्या खोलीतून आपणांस हवी ती वस्तू आणून देतो, कारण त्याला त्याची बाधा होत नाही. परंतु अखेरीस तशाच खोलीत जाऊन कोणीतरी मरण्याचा प्रसंग येतो, तेव्हा हाच गृहस्थ ते खेळाडूचे प्राक्तन ठरवून बाजूला उभा राहतो! ही विसंगती दूर झाली ती २००९ च्या ‘ब्रोकन स्टील’ या पुरवणीत, आणि तीही विकतच्या. उलट २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये रिव्हरवूडची एक कोंबडी मारून पाहा, सारा गाव शस्त्रे घेऊन अंगावर येतो.

प्रत्येक फाट्यासाठी संवाद लिहिणे व ध्वनिमुद्रित करणे अशक्य आहे, असा बचाव केला जातो. मान्य. मग फाटे कमी ठेवा. पण ठेवाल ते निभवा. २००९ च्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये सोबत्यांची मर्जी भेटवस्तूंनी संपादन करता येते, हा दोष आहेच. तथापि विश्वासघातकी सेनापती लोघेन याला जीवदान दिले की ॲलिस्टर आपली साथ सोडतो; पूर्वीच्या साऱ्या भेटी तेथे निरुपयोगी ठरतात. तो गेला तेव्हा आम्हांस वाईट वाटले, आणि आपल्या निर्णयाला काही वजन होते हेही प्रथमच जाणवले.

बदलीच्या नोकरीतील वाचकांस हे अधिक समजावून सांगावयास नको. नव्या गावी आपले मागचे बरेवाईट कोणासच ठाऊक नसते. शेजाऱ्याच्या आजारपणात जागून काढलेली रात्र जुन्या गावीच राहते, आणि तेथे केलेला अपराधही. साक्षीदारावाचून सज्जनपणा किती पोरका होतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच रचनाकारांना आमचे सांगणे एवढेच : आम्हांस शेकडो निवडी नकोत; आमच्या एका कृत्याची आठवण ठेवणारी चार माणसे द्या.