पाणी आल्यावर बघू!

गेल्या जुलैतल्या एका रविवारी मी पहिल्यांदाच आमच्या गावच्या ग्रामसभेला गेले. मतदार यादीत नाव आलंय, तर जाऊन बघावं, एवढाच विचार होता. पंचायत घराच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं असतील. कचऱ्याची गाडी वेळेवर येत नाही, अमक्याच्या बांधकामाला परवाना कसा दिला, वाड्यावरचे दिवे बंद आहेत, यात दीड तास गेला. शेवटी धीर करून मी हात वर केला आणि विचारलं, "नदीला पूर आला तर आपल्या पंचायतीचा काय प्लॅन आहे?"

थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग एक पंच म्हणाले, "ते मामलेदाराचं काम." सेक्रेटरींनी सांगितलं, आपत्तीची फाईल तालुक्याला असते. आणि मागच्या बाकावरून एका आजोबांचा आवाज आला, "बाये, उदक येतलें तेन्ना पळोवया!" सगळे हसले. मीही हसले.

घरी येताना मात्र लक्षात आलं, की आजोबांनी थट्टा केली नव्हती. पाणी येईल तेव्हा बघू, हाच आमच्या गावाचा पुराचा आराखडा आहे आणि तो त्यांनी एका वाक्यात सांगितला होता.

आमचं गाव तिळारी नदीच्या काठचं. ही नदी महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यातून गोव्यात उतरते. एका काठाला डिचोलीतलं साळ, दुसऱ्या काठाला पेडण्यातली हणखणे, इब्रामपूर, चांदेल ही गावं. पुढे कोलवाळ ओलांडून शापोरा या नावाने ती समुद्राला मिळते. वर तिळारीचं धरण आहे. गोवा आणि महाराष्ट्राचा हा संयुक्त प्रकल्प, आणि १९९० च्या करारानुसार त्यातल्या पाण्याचा ७३.३० टक्के वाटा गोव्याचा. उन्हाळ्यात याच पाण्यावर चांदेल आणि अस्नोड्याचे जलशुद्धीकरण प्रकल्प अवलंबून असतात. कालवा बंद पडला की पेडणे-बार्देशातले नळ कोरडे. आणि पावसाळ्यात धरणातून पाणी सोडावं लागलं की खालच्या गावांची झोप उडते. ऑगस्ट २०१९ मध्ये साळ, इब्रामपूर भागात लोकांच्या घरांत पाणी शिरलं. दोनच वर्षांनी, २३ जुलै २०२१ ला, सत्तरी-डिचोलीत असा पूर आला की मुख्यमंत्र्यांनीच त्याला १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हटलं. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं होतं.

'पूर काय, पूर्वीही यायचे' असं कोणी म्हणेल. खरं आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पाणी आम्हाला नवं नाही. पण तापमान एक अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. म्हणून तोच पाऊस आता थोड्या तासांत धो धो पडतो आणि मग मोठी उघडीप देतो. अरबी समुद्र तापतो आहे, त्यात वादळंही वाढली आहेत. शापोराच्या मुखाजवळ आगरवाड्याची मिठागरं आहेत. मीठ पिकण्याच्या दिवसांत अवेळी पाऊस आला की हंगाम धुऊन जातो. खाजनाचा बांध एकदा फुटला की खारं पाणी शेतात घुसतं, आणि ती जमीन पुन्हा पिकाला यायला काही वर्षं जातात. डिचोलीत खाणींचे खोल खंदक पावसात तुडुंब भरतात. हे सगळं कुठल्या तरी पंचायतीच्या हद्दीत घडतं. तिथं त्याची नोंद मात्र सापडणं कठीण.

वरच्या पातळीवर कागद भरपूर आहेत. ३० जून २००८ ला केंद्र सरकारने हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्यात आठ मोहिमा होत्या. पुढच्या वर्षी राज्यांना आपापले आराखडे करायला सांगितले. गोव्याचाही झाला. २०१५ मध्ये अनुकूलनासाठी राष्ट्रीय निधी निघाला, त्याचं काम नाबार्डकडे आलं. डिसेंबर २०२३ मध्ये भारताने आपल्या अनुकूलनाचा पहिला अहवाल संयुक्त राष्ट्रांना दिला, आणि आता राष्ट्रीय अनुकूलन आराखड्याचं काम चाललं आहे. 'अनुकूलन' म्हणजे काय, तर बदललेल्या हवामानाशी जुळवून घेणं. आता जुळवून घ्यायचं कोणी? दिल्लीच्या कार्यालयाने की साळच्या शेतकऱ्याने?

माझं म्हणणं इतकंच आहे: हा आराखडा अडतो तो पंचायतीच्या टेबलावर. पैसा आणि यंत्रं लागतीलच, पण त्याआधी पंचायतीला स्वतःची नोंद, एक तयार माणूस आणि विषय काढायला ठरलेला दिवस मिळाला पाहिजे. हे तीन नसतील तर वरून आलेला कोणताही आराखडा कपाटात जाईल.

पुराच्या इशाऱ्याचंच बघा. पाणी सोडणार हा निरोप धरणावरून निघतो. दोन राज्यांच्या खात्यांतून, जिल्हाधिकारी, मामलेदार असा पायऱ्या उतरत तो गावात येतो. समजा तो वेळेवर आला. रात्री दोन वाजता अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोण उचलणार? कुठे नेणार? शाळेची चावी कोणाकडे? गोठ्यातल्या म्हशी कोण सोडणार? ही उत्तरं जिल्ह्याच्या फाईलमध्ये असूच शकत नाहीत. ती गावातल्या माणसाला माहीत असतात, आणि लिहून ठेवलेली नसली तर त्या रात्री आठवत नाहीत.

कायदा पंचायतीला विसरलेला नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या परिशिष्टात २९ विषय दिले. लघुसिंचन, पाणलोट, पिण्याचं पाणी, सामाजिक वनीकरण सगळं त्यात आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं ४१ वं कलम सांगतं, की स्थानिक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांना आपत्तीसाठी प्रशिक्षित करावं. प्रत्यक्षात पंचायतीचे दिवस जातात घरपट्टी, बांधकाम परवाने आणि दाखले यांत. सेक्रेटरी बदलून जातो, त्याच्याबरोबर गावाची माहितीही जाते. पंच पाच वर्षांसाठी निवडून येतात. हवामानाचा हिशेब मात्र तीस-तीस वर्षांचा असतो.

मग आणखी एक समिती नेमायची का? कृपा करून नको. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीत समिती असायला हवी आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. २००२ चा कायदा. कित्येक वर्षं काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, चुकणाऱ्या राज्यांना महिन्याला दहा लाखांचा दंड सांगितला आणि देशभर एकच धावपळ उडाली. अशा घाईत वही भरते, पण तिच्यामागे माणूस तयार होत नाही. हवामानाच्या बाबतीत तसंच झालं तर आपण फक्त आणखी एक रजिस्टर कमावू.

दुसरीकडे काय झालं ते बघण्यासारखं आहे. केरळने १९९६ पासून लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना निधीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे दिला. पैसा आल्यावर पंचायती हिशेब शिकल्या, चुकल्या, पुन्हा शिकल्या. म्हणूनच २०१८ च्या महापुरात तिथल्या पंचायती छावण्या चालवायला आणि नंतर घरं-विहिरी साफ करून घ्यायला उभ्या राहू शकल्या. ती तयारी वीस वर्षांची होती. शेजारच्या महाराष्ट्रात २ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियानात ग्रामपंचायतींना पृथ्वी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर गुण मिळतात. नेपाळने तर २०११ मध्येच स्थानिक अनुकूलन आराखड्यांची चौकट ठरवली. गुणांच्या स्पर्धेत दिखावाही असतो, हे मान्य. पण निदान तिथे पंचायतीला हा आपला विषय आहे हे कळतं.

यावर माझ्या एका मैत्रिणीने लगेच विचारलं, "जमिनींचे व्यवहार आणि बांधकाम परवाने यांत गुंतलेल्या पंचायतीच्या हातात आणखी अधिकार द्यायचे?" पेडण्यात राहणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडेल. सडे सपाट होताना, डोंगर कापले जाताना आपण बघतोच आहोत. माझं उत्तर असं: अधिकार दिले नाहीत म्हणून पंचायती स्वच्छ झाल्या, असं कुठे दिसलं? उलट पुराची रेषा पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेली असेल, ग्रामसभेत वाचून दाखवलेली असेल, तर तिच्या आत घर बांधायला परवाना देताना पंचाला चारचौघांसमोर उत्तर द्यावं लागेल. लिहिलेली आणि सगळ्यांना दिसणारी माहिती हाच गावाचा पहिला पहारेकरी.

म्हणून करायचं काय? पहिलं, प्रत्येक पंचायतीने एक पाणीवही ठेवावी. पूर कधी आला, कुठल्या पायरीपर्यंत आला, कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटली, बांध कुठे फुटला. याला खर्च येतो एका वहीचा. दुसरं, गावातलाच एक माणूस, बाई असली तर अधिक चांगलं, प्रशिक्षण देऊन या कामाला नेमावा, त्याला मानधन द्यावं आणि त्याची बदली होऊ नये. तिसरं, गोव्यात साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या रविवारी होतात. एप्रिलच्या सभेत पावसाळ्याची तयारी आणि ऑक्टोबरच्या सभेत पावसाळ्याचा हिशेब, हा विषय कायमचा ठेवावा. नवीन सभा नको, नवीन कायदा नको. चौथं, गोव्यात तालुका पातळीवर पंचायत समिती नाही, पण नदी पंचायतीची हद्द ओळखत नाही. तेव्हा तिळारी-शापोराच्या काठच्या पंचायतींनी, दोडामार्गच्या पंचायतींनाही बोलावून, वर्षातून एकदा तरी एकत्र बसावं.

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ नंतरच्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला होता. योजना करता येणारी पंचायत असा पैसा नीट वापरते. न येणारी गटारावर लाद्या घालून मोकळी होते.

आता तुम्ही म्हणाल, वाङ्मय मंडळाच्या अंकात हे कशाला? कारण यातला निम्मा प्रश्न भाषेचा आहे. आराखडे इंग्रजीत आहेत. ग्रामसभा चालते कोंकणी-मराठीत. मधलं भाषांतर कोणीच केलेलं नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीला सरकारी कामात जागा दिली आहे, ती आपण सत्कार-भाषणांपुरतीच वापरायची का? आणि गावाकडे शब्द नाहीत असंही नाही. सरद, वायंगण, खाजन, मानशी, मोरड, कुळागर, तळी: पाण्याशी जुळवून घेण्याचं आख्खं शास्त्र या शब्दांत आहे. आमच्या पिढीला त्यातले दोन-तीन माहीत आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या पत्रात पृथ्वीला आपलं सामायिक घर म्हटलं. आपल्या कॉलेजात त्यावर भाषणंही होतात. पण घराची देखभाल करायची तर आधी गळतं कुठे ते लिहून काढावं लागतं.

तेव्हा मंडळाच्या मित्रमैत्रिणींनो, विनंती एवढीच. आपापल्या गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे बसा आणि पाण्याच्या आठवणी लिहून घ्या, तारीख-ठिकाणासह. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते पान पंचायतीकडे द्या आणि पोच घ्या. परीक्षेसाठी आपण एवढी टिपणं काढतो, हे एक गावासाठी.

मी सुरुवात केली आहे. २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं, ते आईने गोठ्याच्या भिंतीवर मला दाखवलं. मी तिथे खडूने रेघ मारून टेपने मोजलं: जमिनीपासून तीन फूट दोन इंच. आता त्या मागच्या बाकावरच्या आजोबांकडे जायचं आहे. १९८२ ला ते ऐन तारुण्यात असतील. तेव्हा पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं, हे सांगू शकणारी माणसं आता गावात थोडीच उरली आहेत.