फ्युएल सेलची कल्हई कोण करणार?

डेटा सेंटरला वीज हवी आणि ग्रिडवर नंबर लागायला वर्षं जातात. म्हणून अमेरिकेत आता थेट आवारातच वीज तयार करणाऱ्या फ्युएल सेलना मागणी आली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या वीज कंपनीने ब्लूम एनर्जीकडून १ गिगावॉटपर्यंत सेल घेण्याचा करार केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रूकफील्डने याच कंपनीसोबत ५ अब्ज डॉलरपर्यंतची भागीदारी जाहीर केली. ब्लूमचे संस्थापक के. आर. श्रीधर हे तिरुचिरापल्लीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, त्यामुळे आपल्याकडे बातमी झाली ती मुख्यतः अभिमानाची.

खरा प्रश्न मात्र पत्र्याचा आहे.

हे सेल सॉलिड ऑक्साइड प्रकारचे. आत सिरॅमिकची पातळ चकती, एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला हवा. काहीही न पेटवता थेट वीज मिळते. पण एका चकतीतून एक व्होल्टही धड निघत नाही. म्हणून चकत्या एकावर एक रचतात आणि प्रत्येक दोन चकत्यांमध्ये धातूची प्लेट घालतात. वीज पुढे न्यायची आणि गॅस व हवा वेगळी ठेवायची, अशी दोन्ही कामं तिचीच. आणि हे सगळं ६०० ते ८०० अंश सेल्सिअसला, वर्षानुवर्षं.

पत्रा बिघडतो कसा?

यासाठी अनेक ठिकाणी सुमारे २२ टक्के क्रोमियमचं खास स्टेनलेस स्टील वापरतात. तापल्यावर ते सिरॅमिकइतकंच फुगतं, म्हणून चकती तडकत नाही. स्टेनलेस गंजत नाही, कारण त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडची साय धरते. पण इथे तीच साय अंगाशी येते. ती जाड होत जाते, आणि वीज वाहून नेण्यात ती कमजोर. दुसरं दुखणं याहून वाईट. हवेतल्या बाष्पामुळे त्या सायीतलं क्रोमियम वाफ होऊन उडतं आणि समोरच्या हवेकडच्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसतं. सेल हळूहळू मंदावतो.

आपल्या घरात हे नवीन नाही. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की त्यातलं ताक कळकतं. भांडं शाबूत असतं, आतला जिन्नस बिघडतो. इथेही तसंच, आणि उपायही तोच: कल्हई. फक्त ती कथलाची नाही, तर मँगनीज आणि कोबाल्टच्या ऑक्साइडची. जाडी जेमतेम १० मायक्रॉनच्या आसपास. ८०० अंशांना हा थर क्रोमियम ऑक्साइडच्या हजारपटींहून चांगली वीज वाहून नेतो आणि क्रोमियमला बरंचसं आत दाबून ठेवतो.

कोबाल्ट की कसब?

जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो. काँगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची निर्यात थांबवली, पुढे ऑक्टोबरपासून कोटा लावला. चीनने एप्रिल २०२५ मध्ये यिट्रियम आणि स्कँडियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. हे दोन्ही सिरॅमिक चकतीत लागतात. म्हणजे सेलची दोन्ही अंगं दुसऱ्यांच्या परवानगीवर.

तरीही खरी अडचण खनिजाची आहे असं म्हणणं अर्धवट ठरेल. १० मायक्रॉनच्या थराला कोबाल्ट लागतो किती? अगदी थोडा. तांबं-मँगनीजसारखे कोबाल्ट नसलेले थरही संशोधनात आहेत. अवघड आहे ते थर एकसारखा बसवणं आणि तो टिकतो हे सिद्ध करणं. अशा सेलकडून ४०,००० तास चालण्याची अपेक्षा असते. म्हणजे साडेचार वर्षं भट्टी न विझवता. चाचणी कमी वेळात उरकायची तर तापमान वाढवून अंदाज बांधावा लागतो, आणि त्या अंदाजावर ग्राहक सहज विश्वास ठेवत नाही.

आपल्या पट्ट्याचा संबंध

कोल्हापूरच्या शिरोलीपासून बेळगावच्या उद्यमबागेपर्यंत फाउंड्री आणि मशीनिंगचा मोठा पट्टा आहे. हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये विमानाच्या भागांवर पृष्ठप्रक्रियाही होते. धातूवर नेमका थर बसवणं इथल्या हातांना परकं नाही. पण चार-पाच वर्षं नमुना तापवत बसणं कुठल्याही जॉबवर्कवाल्याला परवडणारं नाही. ते काम सरकारी प्रयोगशाळेचं.

इथेच आपला हिशेब लंगडा पडतो. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनची रक्कम १९,७४४ कोटी. त्यातले १७,४९० कोटी उत्पादनाच्या प्रोत्साहनाला, संशोधनाला ४०० कोटी. म्हणजे जेमतेम दोन टक्के. कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था या सेलवर अनेक वर्षं काम करते आहे, म्हणजे ज्ञान देशात आहे. नाही ती प्रयोगशाळा आणि वर्कशॉप यांना जोडणारी सामाईक चाचणी-भट्टी. उलट्या दिशेने चालवलेला हाच सेल वाफेपासून हायड्रोजन बनवतो, त्यामुळे असा खर्च मिशनच्या चौकटीबाहेरचाही ठरत नाही.

प्रोत्साहनाच्या पैशातून सेलची जुळणी देशात होईलही. पण कल्हई केलेला पत्रा बाहेरूनच येत राहिला, तर आपण पुन्हा डबे जोडणारेच राहू. अशी एक चाचणी-भट्टी कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात हवी, ही मागणी दोन्ही बाजूंच्या उद्योजक संघटनांनी एकत्र करायला हरकत नाही. सीमेचा वाद कोर्टात आहे. भट्टीला तो आडवा येण्याचं कारण नाही.