निकालाची वाट पाहणारी दिवाळी

विद्यार्थ्यांच्या ताणावर जे लिहिले-बोलले जाते त्याचा रोख बहुधा वेळापत्रक, प्राणायाम, आहार आणि झोप यांवर असतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेसारख्या स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हा उपदेश मूळ दुखण्याला वळसा घालून जातो, कारण त्यांना अभ्यासापेक्षा अनिश्चितता अधिक पोखरते.

ताणाची कल्पना शरीरशास्त्रात रुजवणारे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली दाखवून दिले, की इजा, थंडी, विषारी द्रव्ये अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या आघातांना शरीर जवळपास एकाच धाटणीचा प्रतिसाद देते. या प्रतिसादात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा, म्हणजे ग्रंथीतून थेट रक्तात मिसळणाऱ्या रसायनाचा, मोठा वाटा असतो. ते थोडा वेळ वाढले तर माणूस सावध होतो, पण दीर्घकाळ चढे राहिले तर झोप आणि स्मरण दोन्ही बिघडू शकतात. पुढे जे वाइस या अमेरिकी संशोधकाच्या प्रयोगांत असे आढळले, की विजेचे सारखेच झटके बसूनही ज्या उंदरांना आधी इशारा मिळे त्यांच्या जठरात व्रण कमी पडले, आणि झटका केव्हा बसणार याचा ज्यांना पत्ता नसे त्यांच्या जठरात ते पुष्कळ अधिक पडले.

उंदरांवरून माणसांविषयी फार बोलू नये हे खरेच; तरी पुण्याच्या सदाशिव पेठेतील वा नवी पेठेतील एखाद्या अभ्यासिकेत, म्हणजे महिन्याचे पैसे भरून बसायला मिळणाऱ्या वाचनखोलीत, डोकावणाऱ्याला हा प्रयोग आठवल्यावाचून राहत नाही. हाताच्या अंतरावर फळ्यांचे आडोसे, समोर चिकटवलेला अभ्यासक्रम, खुर्चीवर उशी, आणि चहाच्या टपरीवर एकच विषय : जाहिरात कधी, निकाल कधी, कट-ऑफ किती. पूर्व, मुख्य आणि मुलाखत या टप्प्यांतून नियुक्तीपर्यंत पोहोचण्यात वर्ष-दोन वर्षे सहज जातात. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्व परीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा शास्त्री रस्त्यावर उतरलेल्या मुलांचा संताप केवळ त्या एका तारखेपुरता नव्हता, कारण तीच परीक्षा त्याआधीही लांबलेली होती. खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ वर्षे इतकी लांब असल्यामुळे थांबायचे कधी हेही कुणी बाहेरून ठरवून देत नाही. संधी म्हणून दिलेली ही मुभा अनेकांच्या गळ्यातले लोढणे होते, असे म्हटले तर काहींना ते रुचणार नाही.

दिवाळीत खाणावळी बंद होतात, तरी काही मुले गावी जाणे टाळतात, कारण फराळाच्या ताटाबरोबर ‘यंदा काय झालं?’ हा प्रश्नही पुढ्यात येतो. तेव्हा समतोल साधण्याचा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर कोणती वाट धरायची, हे घरच्यांनी तयारीच्या आरंभीच मुलांबरोबर बसून ठरवले, तर अपयशालाही एक तारीख मिळते आणि अनिश्चिततेचा निम्मा जाच कमी होतो. झोप उडाली, जेवण सुटले, जगणे नकोसे वाटू लागले, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य साहाय्यसेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. उरलेला निम्मा जाच मात्र आयोगाच्या आणि शासनाच्या हाती आहे : परीक्षांचे अंदाजित वेळापत्रक दरवर्षी निघते, ते पाळले जावे आणि निवड झालेल्यांना नियुक्तीसाठी ताटकळावे लागू नये, एवढी मागणी अवाजवी नाही.