विमानातून मोजलेली माती

हैदराबादकरांना ग्रॅनाइटची ओळख करून द्यायला नको. कॉलेजमागचे धोंडे त्याचेच, आमच्या चर्चच्या पायऱ्याही त्याच्याच. हा दगड किंचित किरणोत्सारी असतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं. (घाबरू नका, केळ्यातही किरणोत्सारी पोटॅशियम असतंच.) मराठवाड्याकडचा काळा बेसॉल्ट त्या मानानं अगदी शांत.

हा फरक विमानातून मोजता येतो. जमिनीपासून साधारण 60 ते 100 मीटरवरून, शेतात नांगर फिरवावा तसं ते समांतर रेषांत उडतं. आत सोडियम आयोडाइडचे मोठाले स्फटिक असतात. पोटॅशियम-40 आणि युरेनियम, थोरियमच्या साखळ्या यांचे गॅमा किरण वेगवेगळ्या ऊर्जेचे. त्यावरून कोण किती ते कळतं. तेही वरच्या हातभर मातीपुरतंच, आणि पाणी साचलं असेल तर तेवढंही नाही. विमान खाली काही सोडत नाही, काही उचलून नेत नाही.

तरी ‘सर्व्हे’ म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि तो मला खोटा वाटत नाही. 2019 मध्ये नल्लमलाच्या जंगलात, अमराबादला, युरेनियम शोधण्याचा प्रस्ताव चर्चेत आला. चेंचू वस्त्यांपासून शहरापर्यंत विरोध झाला, विधानसभेनं खाणीविरुद्ध ठराव केला. तिथं प्रश्न विमानाचा नव्हता, जमिनीत भोकं पाडण्याचा होता. पण ज्यांच्या हाती मोजणीचा आकडा कधी आलाच नाही, त्यांनी मोजणी आणि खाण यांत फरक का करावा?

उत्तर आयर्लंडमध्ये 2005-06 साली ‘टेलस’ नावाची हवाई मोजणी झाली. खनिजांचा शोध तिथंही हवाच होता. पण तेच आकडे पुढे रेडॉनचे नकाशे सुधारायला कामी आले. रेडॉन हा युरेनियमच्या साखळीतला वायू. बंद घरात साठला तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. म्हणजे विमानातला आकडा शेवटी घरमालकाच्या उपयोगी पडला!

आपल्याकडेही आकडा आधी गावात वाचला जावा, मग फायलीत जावा. अणुखनिज संचालनालयाचं मुख्यालय याच शहरात आहे. एका पानाचं पत्रक, तेलुगूत, उर्दूत आणि आदिलाबादकडच्या गावांसाठी मराठीत, एवढं तरी मागायला काय हरकत आहे? मराठीचं काम आपल्या मंडळानं घ्यावं. ‘एअरबोर्न गॅमा स्पेक्ट्रोमेट्री’ला मी ‘हवाई किरणमोजणी’ सुचवते. यापेक्षा सोपा शब्द सुचला तर जरूर कळवा.