जोश आणि दम

वनस्पतींचे गरम पाणी मराठी घरात दोनच नावांनी ओळखले जाते. ताप, खोकला किंवा अंगदुखी असेल तर तो ‘काढा’. दुखणे नसेल आणि वेष्टनावर हिरवे पान छापलेले असेल तर ‘हर्बल टी’. २०२० साली करोनाच्या साथीत केंद्रीय आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचे पेय दिवसातून एकदोनदा घ्यावे असे सुचवले, तेव्हा त्या सूचनेच्या इंग्रजी पाठात ही दोन्ही नावे शेजारीशेजारी होती आणि त्यांच्यामध्ये फक्त एक तिरकी रेघ होती. औषध आणि चैन यांच्यामधली ती रेघ आपण गेली कित्येक वर्षे ओलांडू शकलेलो नाही. आजारी नसताना, मिरवायचे नसताना, आल्यागेल्याला सहज देता येईल अशा वनौषधींच्या पेयाला आपल्याकडे नाव नाही. आणि ज्याला नाव नाही त्याची रीतही हळूहळू विसरली जाते.

इराणी घरांत ही रीत आहे. तिचा विचार करण्यासाठी अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, ही जागा योग्य आहे असे मला वाटते. कारणे पुढे येतीलच. आधी कृती पाहू.

आजच्या फारसीत अशा पेयाला ‘दमनूश’ म्हणतात. ‘नूश’ म्हणजे पिणे आणि ‘दम’ म्हणजे श्वास, वाफ. चहा असो, भात असो की फुलांच्या पाकळ्या असोत, फारसीत त्यांना ‘दम’ करतात. चार पेल्यांसाठी दोन चमचे वाळलेल्या गुलाबपाकळ्या, ठेचलेले चार वेलदोडे आणि दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चिनी मातीच्या किटलीत घालावा. पाणी वेगळे उकळून, विस्तवावरून उतरवून त्यावर ओतावे. झाकण घट्ट लावून किटली मंद वाफेवर किंवा कापडात गुंडाळून दहापंधरा मिनिटे ठेवावी. केशर घालायचे तर चिमूटभर साखरेबरोबर खलून, चमचाभर गरम पाण्यात भिजवून अगदी शेवटी. गाळून काचेच्या पेल्यात द्यावे, कारण रंग दिसणे हा त्या आतिथ्याचाच भाग आहे. बरोबर खडीसाखर. दूध नाही. आणि मुख्य म्हणजे, एकदा पाणी ओतल्यावर पुन्हा उकळी नाही.

उकळीला फारसीत ‘जोश’ म्हणतात. यूनानी वैद्यकात उकळून केलेल्या काढ्याला ‘जोशांदा’ आणि नुसत्या भिजवून केलेल्या औषधाला ‘खिसांदा’ अशी दोन वेगळी नावे आहेत. यांतला ‘जोश’ मराठीने उचलला आणि त्याचा आवेश केला. ‘दम’ही उचलला आणि त्याचे धीर, श्वास, धाक असे तीनचार अर्थ केले. ‘जरा दम धर’ असे आपण अधीर माणसाला म्हणतो. इराणी गृहिणी किटलीबाबत नेमके तेच करते. दोन्ही शब्द आपल्या जिभेवर असताना स्वयंपाकघरात मात्र आपण पहिल्याचीच क्रिया ठेवली. गवती चहा, आले, तुळस, वेलची, सगळे एकाच पातेल्यात आणि सगळ्यांना सारखीच उकळी. फुलांचा गंध उडून जाणारा असतो, मुळांचा आणि सालीचा सत्त्वांश रेंगाळणारा. त्यामुळे सुंठीला जी उकळी मानवते ती गुलाबाला मारते. हा भेद समजायला रसायनशास्त्र लागत नाही, झाकण उघडून वास घेतला तरी पुरते.

ही रीत परकी आहे, आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला आपल्याच परंपरेतून उत्तर देता येते. आयुर्वेदातल्या पाच मूलभूत कषायकल्पनांत स्वरस, कल्क आणि क्वाथ यांच्याबरोबर हिम आणि फांट आहेत. शार्ङ्गधरसंहितेनुसार क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे. फांटासाठी मात्र कुटलेल्या द्रव्यावर चौपट गरम पाणी घालून, जरा ठेवून गाळायचे. हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवलेले. म्हणजे उकळणे आणि मुरवणे यांतला भेद संस्कृत ग्रंथकारांना पुरता ठाऊक होता. क्वाथाचा काढा होऊन तो घरोघर आला. फांट मात्र ग्रंथातच राहिला. मराठीच्या विद्यार्थ्याला आज ‘फांट’ म्हणजे काय असे विचारले तर तो बहुधा फाट्याची वाट धरील. तेव्हा फारसी दमनूशाशी परिचय झाला तर आपण काही परके उचलत नाही. हरवलेल्या एका सवयीची आपल्याला आठवण होते.

आता अहमदनगर. १६३६ साली संपलेल्या निजामशाहीची राजधानी फारसी वाङ्मयाचे एक ठिकाण होती, हे आपल्या अभ्यासक्रमांत फारसे येत नाही. इराणातून आलेल्या जुहूरीने आपला प्रसिद्ध ‘साकीनामा’ दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाला अर्पण केला. त्याच सुलतानासाठी सय्यद अली तबातबा याने ‘बुर्हान-ए-मआसिर’ हा इतिहास लिहिला. कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादेतून आलेल्या घरातला फरिश्ता याच शहरात वाढला आणि मग विजापूरला गेला. आणि आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा म्हणजे रुस्तम जुर्जानी. या वैद्याने निजामशाहीच्या आश्रयाने औषधिद्रव्यांवर ‘जखीरा-ए-निजामशाही’ हा फारसी ग्रंथ रचला. एकाच दरबारात कोणी मद्याच्या पेल्यावर काव्य करीत होता आणि कोणी मुळ्यापाल्याची यादी करीत होता. आपण वाङ्मयेतिहासात पहिल्याची थोडीफार दखल घेतो, दुसऱ्याची नाही.

मराठीवरचा फारसी थर आपण शिकवतो कसा, याचा इथे विचार करावा लागतो. वर्गात तो दोन दारांनी येतो. पहिले दार दरबाराचे. अर्ज, दफ्तर, फर्मान, किल्लेदार यांच्या याद्या, आणि लगोलग शिवकाळातला ‘राज्यव्यवहारकोश’, ज्याने या शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दुसरे दार मैफलीचे. माधव जूलियन, त्यांचा १९२५चा फारसी-मराठी कोश, त्यांनी केलेल्या उमर खय्यामच्या रुबायांची भाषांतरे, गझल, साकी आणि सुरई. ज्या कवीने हे दार उघडले त्यानेच १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून ते बरेचसे लोटून घेतले, ही त्या इतिहासातली विलक्षण गोष्ट. पण दरबार असो की मैफल, दोन्हीकडे फारसी ही पाहुणी आहे. एकीकडे नकोशी, दुसरीकडे मोहक.

तिसरे दार स्वयंपाकघराचे आहे आणि ते आपण उघडतच नाही. ‘गुलाब’ हा शब्द घ्या. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे फुलाचे पाणी, गुलाबजल. मराठीत आल्यावर पाण्याचे फूल झाले, आणि पाण्यासाठी आपल्याला ‘गुलाबपाणी’ असा दुहेरी शब्द करावा लागला. ‘दालचिनी’ म्हणजे मुळात ‘दारचीनी’, चीनचे लाकूड. ‘गुलकंदा’तला कंद जमिनीखालचा नव्हे, तो फारसी-अरबी ‘कंद’ म्हणजे साखर, आणि त्याचे मूळ पुन्हा संस्कृत ‘खण्ड’. गेला खण्ड होऊन, परतला कंद होऊन. पुदिना, सब्जा, शरबत, अर्क, बाद्यान हे शब्द शुद्धीकरणानंतरही टिकून राहिले. राजाज्ञेचे शब्द बदलता येतात. मसाल्याच्या डब्यावरचे बदलणे कठीण, कारण ते उच्चारणारीला ते परके आहेत हे कधी कोणी सांगितलेलेच नसते. जिल्ह्याच्या नावाची पाटी बदलली तरी त्या जिल्ह्यातल्या घरात दालचिनी दालचिनीच राहते. नामांतराच्या बाजूने वा विरुद्ध बोलण्याचा हा प्रसंग नाही. भाषेचा कोणता थर किती खोल आहे, हे ओळखण्याचा मात्र आहे.

या तिसऱ्या दाराशी उभा असलेला एक मोठा लेखक नगरच्याच किल्ल्यात होता. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना तिथे ठेवले गेले. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे नगरच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मौलाना अबुल कलाम आझादांनी तिथेच पत्रे लिहिली, जी कारागृहाच्या निर्बंधांमुळे तेव्हा धाडता आली नाहीत. १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि उर्दू गद्याचा मानदंड ठरली. या पत्रांत फारसी शेरांची दाटी आहे, आणि चहासुद्धा आहे. पहाटे तीनचारला उठून आझाद स्वतःच्या हाताने चहा करीत. तो चमेलीच्या गंधाचा चिनी चहा. त्यात दूध घालणे त्यांना मान्य नव्हते आणि दूधसाखरेच्या आपल्या उकाळ्याला चहा म्हणणेही नव्हते. एप्रिल १९४३मध्ये त्यांच्या पत्नीचे कलकत्त्यात निधन झाले. अखेरची भेटही झाली नाही. त्या कोठडीत पहाटेच्या पेल्याला रसिकतेची चैन म्हणणाऱ्या वाचकाने पत्रे पुन्हा वाचावीत. ज्याच्यावर दुसऱ्याची सत्ता चालत नाही असा दिवसातला तेवढाच एक तास आणि तेवढीच एक कृती त्यांच्यापाशी होती.

तरीही आझादांचा आग्रह मी जसाच्या तसा स्वीकारणार नाही. चहाचा असा शुद्धिवाद एका अशा लेखकाने मांडावा, ज्याचे गद्य अरबी, फारसी आणि हिंदुस्तानी यांच्या मिश्रणावर उभे आहे, यात गंमत आहे. पेयेही भाषांसारखीच भेसळीतून जगतात. खुद्द इराणात चहाची लागवड विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. काशिफ-उस्-सल्तना हा इराणचा भारतातला वकील कांगड्याची रोपे लाहिजानला घेऊन गेला, तेव्हा. ‘पारंपरिक इराणी चहा’ म्हणून आज जो मिरवतो त्याचे एक मूळ असे आपल्या हिमालयाच्या पायथ्याशी आहे. वनस्पतींचा फांट मात्र तिथेही जुना. तेव्हा आपल्या गवती चहात दूध असू द्यावे, अमृततुल्यही असू द्यावे. माझी तक्रार दुधाविषयी नाही. प्रत्येक वस्तू एकाच पातेल्यात एकाच आचेवर घालण्याच्या सवयीविषयी ती आहे.

ही सवय वाचनातही आहे, म्हणून हे सारे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांपुढे मांडावेसे वाटते. परभाषेतला शब्द ओळखीचा वाटला की तो कळला असे आपण समजतो. इराणात सर्वांत लाडके दमनूश ‘गुल-ए-गावजबान’ या जांभळ्या फुलांचे. गावजबान म्हणजे गायीबैलाची जीभ. आपल्याकडच्या यूनानी औषधांच्या दुकानात ‘गावजबान’ मागितले तर मिळतेही, पण ती वेगळीच वनस्पती असते. नाव तेच, झाड दुसरे. शिवाय मूळ इराणी फुलातही यकृताला अपायकारक द्रव्ये अल्प प्रमाणात असतात, गर्भवतींना ते वर्ज्य सांगतात. म्हणून नावावर विसंबून काही उकळू वा मुरवू नये. भाषांतराचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

मग नगरच्या घरात काय करावे? गोकर्णीची निळी फुले कुंपणावर असतातच. गायीच्या जिभेऐवजी गायीचा कान, आणि लिंबू पिळले की निळ्याचे जांभळे तेही होते. इराणी लोक गावजबानात वाळवलेले लिंबू घालतात. श्रीगोंदा आणि कर्जत हे तर लिंबाचेच तालुके. लिंबे मिठाच्या पाण्यात उकळून नगरच्या उन्हात कडक, हलकी, तपकिरी होईपर्यंत वाळवायची. वापरताना फोडून कडू बिया काढून टाकायच्या. गोकर्ण, देशी गुलाबाच्या पाकळ्या, दोन वेलदोडे, वाळल्या लिंबाची एक फोड. वर गरम पाणी आणि झाकण. याला ‘इराणी’ म्हणण्याची गरज नाही आणि ‘हर्बल टी’ म्हणण्याची तर मुळीच नाही. ‘फांट’ म्हणावे, किंवा ‘दमाचा चहा’. दोन्ही शब्द आपलेच आहेत.

नेवाशाच्या खांबाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि नगरच्या किल्ल्यात ‘गुबार-ए-खातिर’ लिहिले गेले. दोन्ही स्थळे एकाच जिल्ह्यात आहेत. पहिल्याचा अभिमान आपण बाळगतो, दुसऱ्याचे नावही मराठीच्या वर्गात येत नाही. ते यावे, आणि फारसी-उर्दूच्या ओझ्याने मुले बिचकत असतील तर ते चहाच्या पत्रापासून यावे. त्या तासाला शिक्षकाने टेबलावर एक किटली झाकून ठेवावी. पत्र वाचून होईपर्यंत तिला पुरेसा दम मिळालेला असेल.