नस दुखावली म्हणून नाही, लपवली म्हणून

मंडळी, या शनिवारी जरा चिडूनच लिहितोय. थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडे घरात दोनच प्रश्न निघतात. कॅन्सर तर नाही ना? आणि खर्च किती? जळगाव असो नाहीतर धुळे, "आवाजाचं काय?" असं विचारणारा विरळाच. आणि खरं तर तोच प्रश्न आधी विचारायला हवा.

कारण आवाजाची नस थायरॉइडच्या अगदी मागून जाते. दोन्ही बाजूंना एकेक. एक दुखावली तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही दुखावल्या तर श्वासच अडकतो, गळ्याला भोक पाडून नळी घालायची वेळ येऊ शकते. कायमची इजा अनुभवी सर्जनच्या हातूनही साधारण १ ते २ टक्के पेशंटना होते. तात्पुरती इजा त्याहून बरीच जास्त.

म्हणजे "नस दुखावली, आता डॉक्टरला आत टाका" हे गणित चूक आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात हेच सांगितलं. वाईट घडलं म्हणजे हलगर्जीपणा झालाच असं नाही, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तर तो घोर हलगर्जीपणा असायला लागतो. मला हे शंभर टक्के मान्य आहे. बग कोणाच्या कोडमध्ये निघत नाही?

पण मंडळी, लॉगच ठेवायचा नाही, टेस्टिंग करायचं नाही, आणि वर क्लायंटला सांगायचं "तुमच्याच मशीनमध्ये लोचा आहे". याला आपण बग म्हणतो का? माझं भांडण इथे आहे.

नस डोळ्यांनी शोधून, ओळखून मगच गाठ काढावी, हे बोस्टनच्या फ्रँक लाही या सर्जननं १९३८ सालीच छापून सांगितलंय. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं स्कोप घालून स्वरतंतू हलतात का ते बघायचं, हे ओपीडीत काही मिनिटांत होणारं काम. मग नस दिसली का, शाबूत होती का, हे ऑपरेशन नोट्समध्ये दोन ओळींत लिहायला काय जातं?

त्याऐवजी पेशंटला मिळतं काय, तर "होईल हळूहळू". भूल देताना नळी घातली होती म्हणून आवाज बसला, हे कारण खरंही असू शकतं. पण ते काही दिवस पुरतं. महिना झाला तरी मास्तरांना वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवता येत नसेल, तर स्कोप नको करायला?

आणि ही "होईल हळूहळू" नुसती थाप नाही, ती महागात पडते. एक तर उपचार लांबतात. दुसरं म्हणजे ग्राहक आयोगात तक्रार करायला मुदत असते २ वर्षांची. वाट बघण्यात ती मुदतही हळूहळूच संपते.

"पण तुम्ही फॉर्मवर सही केली होती!" हो, केली होती. सॉफ्टवेअर टाकताना आपण न वाचता "आय ॲग्री" दाबतो तशीच. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हेच. बरं, धोका समजावून सांगितला तरी तो निष्काळजीपणाचा परवाना होत नाही.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांना फुकट उपचार असतील तर ग्राहक कायदा लागूच होत नाही, दिवाणी दावा लावायचा. तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ साली ऑपरेशननंतर एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९९६ साली. ३३ वर्षं!

न्याय इतका लांब असला की लोक काय करतात, ते धुळ्यानं मार्च २०१७ मध्ये पाहिलं. डोक्याला मार लागलेला पेशंट, न्यूरोसर्जन उपलब्ध नाही, आणि नातेवाईकांनी निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याचा डोळा गेला. त्या पोराचा काय दोष? राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले ते उगाच नाही. दगड उचलणाऱ्यांची बाजू मी कधीच घेणार नाही. पण कागदावर काही सापडत नाही आणि तोंडानं कोणी सांगत नाही, तेव्हा संशयाचं रागात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

डॉक्टर मंडळी म्हणतील, अशानं आम्ही गळ्याच्या केस घेणारच नाही, पाठवू सगळ्यांना नाशिक-मुंबईला. अहो, उलट आहे! "नस दिसली, शाबूत होती" ही नोंद कोर्टात तुमचीच ढाल आहे. नस दुखावली म्हणून तुम्हाला कोणी फाशी द्यावं असं मी म्हणत नाही. न बघितल्याबद्दल, न लिहिल्याबद्दल आणि न सांगितल्याबद्दल मात्र भरपाई द्यायलाच हवी.

आणि वाचकहो, घरात कोणाचं हे ऑपरेशन ठरलं तर आधी विचारा: स्कोप कधी करणार, नस बघून लिहिणार का? नंतर नोट्सची प्रत लेखी मागा. २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. लाजू नका. विचारायला आवाज लागतो, आणि तो ऑपरेशनच्या आधी नक्की असतो.